चार नंबरचा गुडघा

माझं तोंड बंद करणं आजवर दोघींनाच जमलं. पहिली माझी बायको बेबी, आणि दुसरी आमची नात अवनी. बाकी हेडमास्तरांपासून शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी माझ्यापुढं हात टेकले. मी शिवदास कांबळे, राहणार कोल्हापूर. हायस्कुलात पी.टी.चा मास्तर होतो, आणि त्याआधी आमच्या तालमीच्या टीमचा लेफ्ट हाफ. आमच्याकडं तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. तालमीची फुटबॉलची टीम असते आणि तिच्यासाठी पेठाच्या पेठा एकमेकांशी बोलायच्या बंद होतात. अशा गावातला माणूस मी, आणि आता मला आणून ठेवलाय सिंगापुरात, बुकित बातोक नावाच्या भागात, चौदाव्या मजल्यावर.

बेबी गेल्या वर्षी गेली. दिवसकार्य झालं, आणि आमची राणी म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटे राहायचं नाही, चला." राणी म्हणजे माझी एकुलती एक मुलगी. आंग मो किओ म्हणून दुसरा भाग आहे, तिथं इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत मोठी इंजिनिअर आहे. जावई उज्ज्वल कुठल्याशा लॅबमध्ये संशोधन करतो. दोघं सकाळी निघतात, अवनी कॉलेजला जाते, आणि मागं राहतो मी, एक फ्रीज आणि दाराबाहेरची लोखंडी जाळी. जाळीची चावी माझ्याकडंच असते, खोटं कशाला बोलू? पण उघडून जायचं कुठं? खाली ज्या म्हाताऱ्यांची बैठक असते ते चिनी बोलतात, मी कोल्हापुरी बोलतो. चारदा एकमेकांकडं बघून हसलो की आमचं संभाषण संपतं. दुपारी दोन वाजता मी घड्याळाकडं बघायचो आणि घड्याळ माझ्याकडं. खरं सांगतो, गुदमरायला व्हायचं.

मग मार्च महिन्यात एक दिवस खिडकीतनं खाली बघतोय तर समोरच्या मैदानावर लाल शर्टातल्या पोरी फुटबॉल खेळतायत. आयला! चष्मा पुसून परत बघितलं. त्यात चार नंबरची पोरगी आमचीच! अवनीच्या कॉलेजचं टर्फ दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून स्पर्धेच्या आधीची प्रॅक्टिस आमच्या ब्लॉकसमोर आली होती. घरात मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चप्पल घातली आणि खाली.

पहिले दोन दिवस कुंपणाबाहेर उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी बॉल कुंपणावरनं बाहेर आला, तो मी पायाच्या आतल्या बाजूनं उचलून बरोब्बर त्यांच्या कोचच्या हातात दिला. कोच म्हणजे फरीदाबाई, डोक्याला घट्ट स्कार्फ, गळ्यात शिट्टी, आवाज असा की आमच्या पेठेत शोभला असता. तिनं बॉलकडं बघितलं, माझ्या चपलेकडं बघितलं आणि विचारलं, "अंकल प्लेड बिफोर, आह?" त्या दिवसापासनं मला कुंपणाच्या आत बाकावर जागा मिळाली. प्रॅक्टिस संपली की ती माझ्याजवळ येऊन बसायची. "ओके अंकल, व्हॉट यू सी?" आणि मी सांगायचो. माझं इंग्रजी म्हणजे बैलगाडीच्या चालीचं, पण फुटबॉलला भाषा लागते किती? नऊ नंबर चांगली, पण गोल समोर दिसला की मान खाली घालती. गोलकीपर धाडसी, पण एक पाऊल उशिरा निघती. मधल्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, बॉयफ्रेंडवरनं भांडण असावं. फरीदाबाई खो खो हसली. "हाऊ यू नो?" म्हटलं, बाई, तीस वर्षं पोरं सांभाळलीत मी.

खूप दिवसांनी कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं. मी दुपारची वाट बघायला लागलो.

आणि चार नंबर? अवनी डिफेन्समध्ये मधोमध उभी राहायची. काय सांगू राव, पोरीची नजर! बॉल कुठं येणार हे तिला बॉलच्या आधी कळायचं. मागच्या वर्षी सगळा सीझन तिनं बाकावर बसून काढला होता, पाण्याच्या बाटल्या भरत. हे कॉलेजचं शेवटचं वर्ष. शनिवारी दुसऱ्या एका कॉलेजबरोबर सरावाची मॅच होती आणि त्यातनं अकराजणी ठरणार होत्या. ह्यानंतर परीक्षा, मग युनिव्हर्सिटी. अवनीच्या भाषेत, "आबा, धिस इज इट. आफ्टर धिस नो मोअर."

मीही खूश होतो. पण माझे डोळे मेले गप्प बसतील तर ना! उजव्या पायाची पोरगी, आणि बॉल सगळे डाव्या पायानं काढायला लागली होती. उजवीकडं वळायची वेळ आली की तिथल्या तिथं फिरायच्या ऐवजी स्टँडमधली एस.टी. वळवतात तशी मोठा वळसा घेऊन वळायची. बुटाची नाडी बांधताना पाय लांब सोडून बसायची. फरीदाबाईचं बावीसजणींकडं लक्ष, माझं एकीकडं. त्यातच घरी राणी फ्रीजरमध्ये डोकं घालून ओरडली, "हे मटार कुणी बाहेर काढून परत ठेवलेत? नुसता दगड झालाय!" अवनी ताटातनं मान वर करीना. माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच घेतले. मान अवघडली होती, गारगार पिशवीनं शेकत होतो." झालं! राणीनं मला बाम लावला, डॉक्टरला फोन केला आणि गळ्यात मानेचा पट्टा अडकवला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! पण मटार कुणाच्या अंगाला लागले ते मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस चालू असताना आभाळ भरून आलं. इथं विजेचा धोका दिसला की भोंगा वाजतो आणि सगळ्यांनी मैदान सोडून छपराखाली यायचं, मग वीज पडो न पडो. पोरी कडेच्या शेडमध्ये दाटीवाटीनं बसून मोबाईल बघायला लागल्या. अवनीला मी टोकाच्या बाकावर बोलावलं आणि काही न विचारता उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. पोरीनं ओठ चावला. डोळ्यांत टचकन पाणी.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"थ्री वीक्स, मेबी. वळताना काहीतरी कट् झालं. इट्स ओके, आबा. कधीकधी फक्त लॉक होतो."

"फक्त लॉक होतो? अगं बये, आतली गादी फाटली असणार! आत्ता थांबलीस तर डॉक्टर नीट करतील. अशीच खेळलीस तर गुडघा जाईल कायमचा. आमचा प्रताप होता, राइट बॅक, वाघ होता वाघ. असाच अडकणारा गुडघा घेऊन फायनल खेळला. आज जिना बसून चढतो तो, लहान पोरासारखा. चल, आत्ताच्या आत्ता फरीदाबाईला सांगू."

मी उठलो, तर तिनं माझा सदरा धरला. आणि मग त्या पोरीनं, जी मराठीत धड दहा वाक्यं सलग बोलत नाही, जिला वरणात काय घालतात ते ठाऊक नाही, तिनं स्वतःच्या गळ्याला चिमटा धरला आणि म्हणाली, "आबा, कुणाला एक शब्द बोललास तर माझ्या गळ्याची शपथ."

मी परत बाकावर बसलो.

हे कुठनं शिकली, ते मला चांगलं ठाऊक आहे. सुट्टीत कोल्हापूरला आली होती तेव्हा बेबीनं असाच गळ्याला चिमटा धरून मला बजावलं होतं, "पुन्यांदा तंबाखूला हात लावलासा तर माझ्या गळ्याची शपथ." पोरीच्या समोर मी पुडी गटारात टाकली आणि आजतागायत तोंडात धरली नाही. तेव्हा ही एवढीशी होती, पण बघून ठेवलं बेणीनं!

आता गंमत ऐका. मी आयुष्यभर शाळेत आणि विहारात ओरडून सांगत आलो, की लिंबू-मिरची, उतारे, नजर, शपथा सगळं थोतांड आहे, बाबासाहेबांनी आपल्याला ह्या चिखलातनं वर काढलंय, परत पाय घालू नका. टाळ्या घेतल्या त्याच्यावर. आणि अठरा वर्षांच्या पोरीनं गळ्याला चिमटा काय धरला, तर माझी जीभ टाळ्याला चिकटली. डोकं म्हणत होतं, शिवदास, येड्या, शपथेनं कोण मेलंय? पण बेबी आठवली आणि डोक्याचं काही चालेना. एक बाई गेली माझी. आता ह्या पोरीच्या गळ्याशी मी पैज लावू? मला नाही जमलं. लाज वाटली, पण नाही जमलं.

"सुटली म्हण," मी हात जोडले. शपथ घालणाऱ्यानंच ती सोडवायची असते, हा आपल्यातला कायदा. "बाळा, सुटली म्हण. तुझ्या पाया पडतो."

"नो."

"अगं आईला तरी सांगू दे!"

"नोबडी, आबा. शनिवारनंतर सांग. आफ्टर सॅटर्डे, कॅन."

भोंगा परत वाजला, विजेचा धोका टळला म्हणून. पोरी मैदानात पळाल्या. अवनीही पळाली, आणि बघणाऱ्याला वाटावं, ह्या पोरीला काही म्हणजे काही झालेलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय. सकाळी अवनी लिफ्टपर्यंत पाय ओढत जायची ते मला जाळीतनं दिसायचं. तिच्या आईला दिसायचं नाही, कारण आई त्याच वेळी फोनवर मीटिंगमध्ये. संध्याकाळी राणी विचारायची, "बाबा, तुम्ही एवढे गप्प का? बीपी बघू." बीपी वाढलेलं निघायचं. मग जेवणातलं मीठ कमी. मी आळणी आमटी खात अवनीकडं बघायचो, ती माझ्याकडं बघून डोळे वटारायची. एकदा मी आडवळणानं सुरुवात केली, "राणी, हल्ली पोरींना गुडघ्याचे फार त्रास होतात म्हणे..." तर अवनी ठसकाच लागल्यासारखी खोकली आणि गळ्याला हात लावला. पाण्यासाठी हात लावला का मला दाखवायला, देव जाणे, आणि देव तर मी मानत नाही! मी वाक्य गिळलं. राणी म्हणाली, "बाबा, तुमचा गुडघा दुखतोय का?" आणि दुसऱ्या दिवशी माझ्या गुडघ्यालाही पट्टा आला. मानेला एक, गुडघ्याला एक. जिला लागलंय ती उड्या मारतीय आणि ज्याला काही झालं नाही त्याला बांधून घातलाय!

फरीदाबाईचा तर अजूनच जाच. "अंकल, नंबर फोर. सम्थिंग राँग? शी टर्निंग स्लो." मी आभाळाकडं बघितलं. "अंकल?" मी म्हटलं, "हॉट. व्हेरी हॉट." बाई माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असणार, म्हाताऱ्याला आपली नात टीममध्ये हवी म्हणून झाकतोय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मास्तर म्हणून मी कधी पोराचं दुखणं लपवलं नव्हतं. त्या दिवशी बाकावरनं उठताना माझी मलाच चीड आली.

शनिवार उजाडला. दुसरं कॉलेज पांढऱ्या शर्टात आलं. राणी सुट्टी म्हणून आली होती, घडीची खुर्ची, टोपी, पाण्याच्या बाटल्या असा सगळा संसार घेऊन. उज्ज्वल परगावी होता. मैदानावर जाण्याआधी मी अवनीला लिफ्टपाशी गाठलं होतं. "अजून वेळ आहे, सुटली म्हण." तिनं माझ्या मानेचा पट्टा सरळ केला आणि म्हणाली, "आबा, प्लीज. एकच मॅच." त्या 'प्लीज'नं तर मी आणखीच खचलो. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पहिला अर्धा तास पोरीनं नजरेवर काढला. बॉल येण्याआधीच जागेवर असायची, मग वळायचं कामच नाही. राणी टाळ्या पिटत होती. "बाबा, काय खेळतीय ना!" मी नुसती मान हलवायला गेलो, तर ती पट्ट्यात हलेना.

पण समोरच्यांची सात नंबरची बारकी पोरगी होती, विंगवरची. हुशार. तिनं दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा ओळखलं. चार नंबरला उजवीकडं वळता येत नाही. झालं, ती दरवेळी तिथनंच घुसायला लागली. एकदा अवनी वळली आणि मला तिचा चेहरा दिसला. पांढराफट. पुढच्या वेळी ती वळणार नाही, आडवी पडून पाय घालणार, हे मला कळलं. मीही तेच केलं असतं. आणि त्या पायावर सात नंबर पडणार. माझ्या डोळ्यांपुढं प्रताप जिना चढायला लागला.

सांगायचं कुणाला? राणी हातभर अंतरावर, फरीदाबाई दहा पावलांवर. एक शब्द पुरे होता. आणि तोच एक शब्द शपथेनं बांधलेला होता.

तेवढ्यात बॉल रेषेबाहेर आला आणि घरंगळत माझ्या पायाशी थांबला. पांढऱ्या शर्टातली पोरगी थ्रो घ्यायला पळत आली, हात पुढं केला. "थँक यू, अंकल."

आता आमच्या कोल्हापूरची एक वाईट खोड सांगतो. रेफरी ऐकत नसला, डोकी फिरली, की आमचं पब्लिक मैदानात उतरतं. मग मॅच बंद. भाषण नाही, अर्ज नाही. नुसतं आत जाऊन उभं राहायचं. आयुष्यभर मी पोरांना ह्याच्यावरनं झोडपलं, की हा खेळाचा अपमान आहे. त्या दिवशी मी बॉल उचलला, पोटाशी धरला आणि रेषा ओलांडून आत चालायला लागलो. एकटाच पब्लिक.

"बाबा!" राणी किंचाळली. रेफरीची शिट्टी वाजली, परत वाजली. मी थांबलो नाही. मधल्या गोलापर्यंत गेलो आणि मांडी घालून खाली बसलो. बसताना माझे गुडघे काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सगळा गलका माझ्याभोवती. रेफरी घड्याळ दाखवतोय. पांढऱ्यांचा कोच फोन काढतोय. फरीदाबाई उकिडवी बसली, "अंकल, यू ओके? चेस्ट पेन?" राणी रडकुंडीला आलेली, "बाबा, उठा, असं काय करताय, लोक बघतायत! ते मैदानाबाहेर काढतील, पोलीस बोलावतील!" मी तोंड उघडलं नाही. ओठ घट्ट, बॉल घट्ट, आणि नजर फक्त पलीकडच्या गोलकडं, जिथं चार नंबर उभी होती.

ती निघाली. आधी चालत, मग तिचा संताप अनावर झाला आणि ती पळत सुटली, सरळ माझ्या अंगावर. "आबा! व्हॉट आर यू डुइंग! गेट अप! यू प्रॉमिस्ड!" इतके दिवस जे झाकलं होतं ते झाकायचं ती त्या रागात विसरली. लंगडत होती. एक पाय टेकतोय, दुसरा फेकतोय, उजव्या बाजूला अख्खं अंग कलतंय. आणि माझ्यापासनं चार हातांवर तिचा गुडघा अडकला. सरळच होईना. ती एका पायावर दोनदा उडाली आणि गवतावर बसली.

गलका थांबला. फरीदाबाईनं माझ्याकडं बघायचं सोडलं होतं.

"हाऊ लाँग?" तिनं विचारलं. अवनी गवत उपटत राहिली. राणीनं मोजे खाली ओढले आणि तो सुजलेला गुडघा बघितला. मग तिनं माझ्या गळ्यातल्या पट्ट्याकडं बघितलं आणि मला वाटतं, मटारपासनं सगळं तिला त्या क्षणी उलगडलं. फरीदाबाई अवनीच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "नो, गर्ल. नॉट धिस सीझन." आणि उठून तिनं चौदा नंबरला हाक मारली.

दोघींनी अवनीला उचलून बाकावर आणलं. मागनं मी, बॉल रेफरीच्या हातात देऊन. राणी गाडी बोलवायला गेली. मॅच परत सुरू झाली. जिंकलो असं मला जरासुद्धा वाटलं नाही. पोरीच्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखं वाटत होतं, आणि तो मीच काढला होता.

"मी एक शब्द बोललो नाही," मी म्हणालो.

"आय नो." ती मैदानाकडं बघत होती. तिच्या जागेवर चौदा नंबर उभी होती आणि तिचं तोंड चुकीच्या बाजूला होतं. अवनीनं ओरडायला तोंड उघडलं, परत मिटलं. मग माझ्याकडं न बघता, स्वच्छ मराठीत म्हणाली, "आबा, मला खेळायचं होतं."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तव्यासारखा तापला होता. तिनं माझा हात झटकून टाकला. मी परत ठेवला.